उकरून बघू नका

आजचे शुभवर्तमान : मार्क ४:२६-२९



आजचा दाखला चारच वचनांचा आहे. एक माणूस शेतात बी टाकतो. रात्री झोपतो, सकाळी उठतो. तेवढ्यात बी रुजतं, वाढतं. कसं, ते त्याला कळत नाही. पीक तयार झालं की मात्र तो विळा घेऊन हजर असतो.

'कळत नाही' हेच मला कधी पटायचं नाही. मी सॉफ्टवेअरवाला. जे मोजता येत नाही ते सुधारता येत नाही, अशी आमच्या कामाची सवय. म्हणून गेल्या वर्षी राखेच्या बुधवारपासून मी प्रार्थनाही मोजायला घेतली. मोबाइलवर तक्ता केला : सकाळी बायबलमधलं एक वचन, संध्याकाळी जपमाळ, झालं की हिरवी खूण. प्रायश्चित्तकाळ संपला तरी सोडलं नाही. सलग ९६ दिवस! खरं सांगू? थोडा गर्वही वाटायला लागला होता.

सत्त्याण्णवाव्या दिवशी आईला पक्षाघाताचा झटका आला. मुदखेडहून रात्रीच तिला नांदेडला हलवलं. पुढचे अकरा दिवस दवाखान्यातच गेले. तक्ता कोरा. घरी आल्यावर तो उघडायचीही इच्छा होईना. आकडा शून्यावर आला होता, आणि मनात एकच वाक्य फिरत होतं : प्रभू, ९६ दिवस हजेरी लावली आणि तू हे केलंस?

तेव्हा लहानपणचं एक आठवलं. आमचं मुदखेड फुलांचं गाव. शेजारच्या काकांच्या मळ्यात गुलाब आणि मोगरा. त्यांनी दिलेली गुलाबाची एक काडी मी अंगणात लावली होती आणि मुळं फुटली का ते रोज उकरून बघत होतो. काका एकदा म्हणाले, "लेकरा, रोज उकरून बघायलास, मग मूळ धरील कसं?"

माझा तक्ता म्हणजे ते उकरणंच होतं. मी देवाकडे बघतच नव्हतो, स्वतःच्या मुळांकडे बघत होतो. आणि हजेरीच्या बदल्यात काहीतरी मागत होतो.

मग लक्षात आलं, त्या अकरा दिवसांत मी प्रार्थना केली नाही असं नव्हतंच. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर स्वतःचे शब्द सुचत नव्हते, पण तोंडातून आपोआप 'नमो मारिया' चालू होतं. किती वेळा, कोणी मोजलं? ती प्रार्थना माझ्या तक्त्यातून आली नव्हती. लहानपणी भारनियमनाच्या अंधारात मेणबत्ती लावून आई आम्हाला जपमाळेला बसवायची, आम्ही पेंगायचो. तिनं तेव्हा टाकलेलं बी त्या रात्री वर आलं. आणि ती आत, बेशुद्ध.

आपल्या मराठीतलंच आणखी एक उदाहरण. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, आपली भाषा शिकले आणि नव्या श्रद्धावंतांसाठी ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. तीन वर्षांनी फादर वारले. त्यांचं पुराण देवनागरीत छापून यायला १९५६ उजाडलं. म्हणजे ३४० वर्षं! त्यांनी बी टाकलं आणि ते झोपी गेले. पीक बघणारे आपण.

म्हणजे आपण काहीच करायचं नाही का? तसं नाही. दाखल्यातला माणूस बी टाकतो आणि कापणीलाही येतो. वाढवणं तेवढं देवाचं काम आहे. म्हणून आजपासून एवढंच करू या :

- रोज एक ठरलेली वेळ, भले पाच मिनिटं.
- शुभवर्तमानातलं एकच वचन, सावकाश, दोनदा.
- एखादा दिवस चुकला तर हिशेब नको. दुसऱ्या दिवशी परत बसायचं.
- रविवारचं मिस्साबलिदान चुकवायचं नाही. एकट्याचं रोप लवकर सुकतं.

आई आता घरी आहे. उजव्या हाताची बोटं हलत नाहीत, म्हणून मणी मी सरकवतो आणि ती अडखळत म्हणते. कधी मध्येच तिला झोप लागते, कधी मला. हे का झालं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. राग येतो तेव्हा तोही त्यालाच सांगतो. तक्ता मात्र काढून टाकला.

प्रार्थना : हे प्रभू येशू, माझ्या विश्वासाची मुळं मला दिसत नाहीत, तुला दिसतात. मला रोज तुझ्यासमोर बसायची कृपा दे आणि उकरून बघायची घाई काढून घे. आज दवाखान्याच्या बाकड्यांवर बसलेल्या सगळ्यांजवळ राहा. आमेन.