कोणते ऋण फेडावे?

घेतलेले ऋण फेडलेच पाहिजे, हा नियम आपणांस इतक्या लहानपणी शिकविला जातो की, त्याचे कारण विचारण्याचा प्रसंग बहुधा येतच नाही. आमच्या घरी तर या नियमास एका कथेचे बळ होते. माझ्या आजोबांनी एका आजारपणात गावातील एका दुकानदाराकडून शंभर रुपये घेतले होते. पुढे दिवस फिरले, वायदा टळला, दावा लावण्याची मुदतही उलटून गेली आणि तो दुकानदारही वारला. तरीसुद्धा सात वर्षांनी आजोबांनी ते शंभर रुपये नेऊन त्याच्या विधवेच्या हाती ठेविले. “कायद्याने सुटलो, पण मनाने सुटलो नव्हतो,” हे त्यांचे वाक्य आमच्या घरात एखाद्या कुलाचारासारखे चालत आले आहे. अशा घरात वाढलेल्या मनुष्यास, ‘हे ऋण मी फेडावे किंवा नाही?’ असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर काय येईल, हे निराळे सांगावयास नको.

तो प्रश्न गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने न्यूयॉर्कहून पत्राने केला. तिच्या यजमानांची नोकरी गेलेली, कामावर जाण्याची मोटार बंद पडलेली आणि पगारास पंधरा दिवस अवकाश. अशा स्थितीत इंटरनेटवरील एका सावकाराने तिला तासाभरात 500 डॉलर दिले. दोन आठवड्यांचा आकार 150 डॉलर. तारण काही नाही, केवळ तिच्या बँकेच्या खात्यातून परस्पर पैसे काढून घेण्याची संमती. पगाराच्या दिवशी सावकाराने 150 डॉलर काढून घेतले. पण ते मुद्दलात न धरता कर्ज आपोआप पुढे चालविले. दुसऱ्या पगारासही तसेच झाले. 300 डॉलर देऊन झाले, आणि देणे मात्र पहिल्याइतकेच 500 राहिले! मग तिने चौकशी केली, तेव्हा कळले की, या सावकारास त्या राज्यात धंदा करण्याचा परवानाच नाही. “कायदा म्हणतो, मी एक छदामही देणे लागत नाही,” तिने लिहिले होते, “पण सर, पैसे मी घेतले आहेत आणि मोटार त्याच पैशांनी दुरुस्त झाली आहे. मी काय करावे?”

मी उलट टपाली लिहिले की, व्याज अन्यायाचे असेल. पण मुद्दल तर खरे आहे ना? दिलेले 300 वजा करून राहिलेले 200 देऊन टाक आणि मोकळी हो. हे लिहिताना आजोबा माझ्या डोळ्यांपुढे होते. तिचे उत्तर दोनच ओळींचे आले. “आजोबांचा दुकानदार आजोबांना ओळखत होता. हा सावकार मला ओळखत नाही. माझा पगार कोणत्या तारखेस होतो, एवढेच त्याला ठाऊक आहे.” या दोन ओळींनी मला जो विचार करावयास लाविला, तोच येथे मांडण्याचा हेतू आहे.

प्रथम या धंद्याचे स्वरूप पाहू. अमेरिकेत ज्यास ‘पे-डे लोन’ म्हणतात, ते पगाराच्या दिवसापर्यंतचे लहानसे कर्ज होय. दुकानात जाऊन घेतले तर 100 डॉलरमागे दोन आठवड्यांस 15 डॉलर हा तेथील परिचित भाव. आकडा लहान दिसतो. परंतु वर्षात असे 26 पंधरवडे येतात, म्हणजे हा दर सालिना शेकडा 390 झाला. माझ्या विद्यार्थिनीचा दर त्याच्या दुप्पट, म्हणजे 780 होता. धनकोचा खरा नफा कर्ज फिटण्यात नसून ते न फिटण्यात आहे. त्या देशाच्या ग्राहक आर्थिक संरक्षण संस्थेने 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, अशा दर दहा कर्जांपैकी आठांहून अधिक चौदा दिवसांच्या आत एकतर पुढे चालविली जातात किंवा त्यांच्या पाठोपाठ दुसरे कर्ज काढले जाते. ज्या कर्जाची मुदतच मुळी ऋणकोस फेडता येऊ नये अशा बेताने ठरविली आहे, त्यास कर्ज म्हणावे की सापळा, हे वाचकांनीच ठरवावे.

सापळा हा शब्द मी रागाच्या भरात वापरलेला नाही. कॅन्सासमधील स्कॉट टकर नावाच्या सावकाराचा खटला याची साक्ष देतो. त्याच्या कर्जपत्रात 300 डॉलरच्या कर्जास एकूण 390 डॉलर द्यावे लागतील असे दिसे. प्रत्यक्षात आपोआप होणाऱ्या नूतनीकरणामुळे ऋणकोकडून 975 डॉलरपर्यंत वसूल होत. राज्यांचे व्याजविषयक कायदे आपल्यास लागू पडू नयेत, म्हणून त्याने धंद्यास मूळ रहिवाशांच्या जमातींच्या स्वायत्ततेचे नाममात्र छत्र घेतले होते. 2017 साली न्यूयॉर्क येथील जूरीने त्यास दोषी ठरविले व 2018 च्या जानेवारीत त्यास 16 वर्षे 8 महिन्यांची शिक्षा झाली.

आता कायद्याकडे वळू. न्यूयॉर्क राज्यात बँकेखेरीज इतर विनापरवाना धनकोने सालिना शेकडा 16 हून अधिक दराने अशा गृहस्थास कर्ज दिले तर ते रद्दबातल ठरते. शेकडा 25 च्या वर गेल्यास तो फौजदारी गुन्हा होतो. 2013 च्या ऑगस्टमध्ये तेथील वित्तखात्याने अशा 35 सावकारांस धंदा थांबविण्याविषयी फर्माविले होते. परंतु तेवढ्याने आपला नैतिक प्रश्न सुटत नाही, कारण तोच व्यवहार दुसऱ्या राज्यात कायदेशीर असू शकतो. कॅलिफोर्नियात परवानाधारक सावकार 300 डॉलरपर्यंतचा पुढील तारखेचा धनादेश घेऊन त्यातील शेकडा 15 आकार कापू शकतो. म्हणजे ऋणकोच्या हाती 255 डॉलर पडतात, आणि दोन आठवड्यांच्या मुदतीत हा दर सालिना शेकडा 459 च्या घरात जातो. आमच्याकडील जुने सावकार कर्ज देतानाच मनोती कापून घेत, तिचेच हे भावंड! तेव्हा परवाना म्हणजे पुण्य नव्हे. परवान्यामुळे हिशेब तपासता येतो, तक्रारीस दार मिळते, हा त्याचा उपयोग मोठा आहे. पण जे एका राज्याच्या सीमेवर पाप आहे ते सीमा ओलांडताच न्याय्य होते, असे विवेकबुद्धीस म्हणता येणार नाही. म्हणून ऋणाचे बंधन कशाने उत्पन्न होते, याचाच विचार केला पाहिजे.

आमच्या धर्मशास्त्रकारांनी हा प्रश्न ओळखला होता. ऋण हे जन्मान्तरीही पिच्छा पुरविते असे मानणारा आमचा समाज. परंतु त्याच समाजाने ऋणकोबरोबर धनकोसही मर्यादा घातली. मनूने तारण असता महिना ऐंशीवा भाग, म्हणजे सालिना शेकडा 15, हे व्याज धर्म्य मानिले. कौटिल्याने जोखमीप्रमाणे निरनिराळे दर सांगून त्यांपलीकडे जाणारास दंड सांगितला. मुद्दलाच्या दुपटीहून अधिक एका वेळी मागता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम तर मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत पाळला. मात्र या नियमात एक उणीव होती. थकलेले व्याज मुद्दलाइतके झाले की तो आड येई. पण जो ऋणको दर हप्त्यास व्याज देत जातो, त्याने एकूण किती दिले याची त्यास दाद नसे. पंधरवड्याचा सावकार नेमका याच फटीतून आत शिरतो. तो व्याज तुंबू देत नाही, वाहते ठेवितो.

या बाबतीत महाराष्ट्राने एक कडू धडा फार पूर्वी घेतला आहे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध जो दंगा उसळला व पुढे पसरला, त्यात रयतेचा रोख मुख्यतः सावकारांच्या कर्जखतांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. खतावरील अंगठा खरा होता, पण त्यामागील व्यवहार खरा नव्हता, हे त्या निरक्षर शेतकऱ्यांस समजले होते. 1879 च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्याने न्यायाधीशास खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. पुढे 1946 च्या मुंबई सावकारी कायद्याने आणि त्याची जागा घेणाऱ्या 2014 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने, विनापरवाना सावकारास न्यायालयाचे दारच बंद केले.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. 1787 साली बेंथॅमने व्याजखोरीचे समर्थन करताना अशा अर्थाचा युक्तिवाद केला की, सज्ञान व शहाणा मनुष्य डोळे उघडे ठेवून जो सौदा करतो, त्यात कायद्याने पडू नये. अॅडम स्मिथसारख्या मुक्त व्यापाराच्या पुरस्कर्त्यानेही व्याजास कायद्याची मर्यादा असावी असे म्हटले, याचे त्याला आश्चर्य वाटे. आजही म्हणतात की, ही दुकाने बंद केली तर गरजवंत याहून वाईट माणसाच्या दारी जाईल. या म्हणण्यात तथ्य आहे. बँकेने झिडकारलेल्यास कोणी तरी पैसे दिले पाहिजेत, आणि जे लोक केवळ निषेध करून थांबतात त्यांनी गरजवंताची अडचण सोडविलेली नसते. पतपेढी, नोकरदारांची सहकारी संस्था, मित्राचे हातउसने यांपैकी काही तरी आधी उभे पाहिजे. पण ‘डोळे उघडे ठेवून’ ही बेंथॅमची अटच येथे पुरी होत नाही. माझ्या विद्यार्थिनीस दीडशे डॉलर एकदा द्यावयाचे आहेत असे वाटले होते. ते दर पंधरवड्यास द्यावयाचे आहेत, हे लहान अक्षरांत होते. जेथे एका पक्षाचा नफा दुसऱ्याच्या गैरसमजावर उभा आहे, तेथे करार झाला असे म्हणण्यापेक्षा शिकार झाली असे म्हणणे खरे.

तेव्हा वचनाचे बंधन गेले. पण मुद्दलाचे बंधन वचनावर उभे नाही. दुसऱ्याचे पैसे आपल्या उपयोगी पडले, या वस्तुस्थितीवर ते उभे आहे. म्हणूनच मी दोनशे डॉलर परत कर असे लिहिले होते. मग कायदा मुद्दलही का बुडू देतो? विचाराअंती त्याचे कारण मला दिसले. केवळ व्याज रद्द केले, तर सावकाराचे जास्तीत जास्त नुकसान काय? मुद्दल परत मिळणे! शंभरांतील नव्वद माणसे मुकाट्याने भरतील, दहा भांडतील, त्या दहांकडूनही मुद्दल येईल. मग अन्याय न करण्याचे त्यास कारणच उरत नाही. मुद्दल जाण्याचे भय हाच त्याच्या हाताला लगाम आहे. जो ऋणको केवळ स्वतःच्या मनःशांतीसाठी ते गुपचूप परत करितो, तो हा लगाम सैल करितो, आणि त्याची किंमत पुढच्या गरजवंतास द्यावी लागते. माझ्या सल्ल्यात ही चूक होती. मी तिच्या मनाचा विचार केला होता, पण तिच्या मागून त्या सापळ्याकडे येणाऱ्या माणसाचा केला नव्हता.

तथापि ‘कायदा सोडतो, मग देतो कशाला?’ एवढेच म्हणून स्वस्थ बसणे मला मान्य नाही. ऋण बुडविणे आणि ऋण नाकारणे यांत अंतर आहे. बुडविणारा पत्ता बदलतो, तोंड चुकवितो, आणि मनातल्या मनात लाभ मोजतो. नाकारणारा सावकारास लेखी कळवितो की, तुझी मागणी बेकायदेशीर आहे व ती मी मानीत नाही. बँकेस सांगून खात्याचे दार बंद करितो. आणि राज्याच्या अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवितो. या शेवटच्या गोष्टीस मी विशेष महत्त्व देतो. या सावकारांचे खरे तारण खाते नसून लज्जा आहे. तुरुंगात टाकू, कचेरीत फोन करू, या त्यांच्या धमक्या कायद्यापुढे पोकळ ठरतात. पण मध्यमवर्गीय मनुष्य त्यांनीच भितो, कारण कर्जापेक्षा चार लोकांत ते कळण्याची त्यास धास्ती असते. आपल्या घरांत अब्रूने वागावे म्हणून जे शिकविले जाते, त्याचाच उपयोग करून अब्रू नसलेला मनुष्य वसुली करितो. तेव्हा मोठ्याने बोलणे हेच येथे ऋणकोचे कर्तव्य होय.

मी माझे पहिले उत्तर मागे घेतल्याचे विद्यार्थिनीस कळविले. तिने तसे पत्र धाडले, तक्रार केली, आणि कचेरीतील आणखी दोन बायका त्याच सावकाराच्या खात्यावर आहेत, हे त्यानंतर तिला समजले; ती बोलेपर्यंत त्या गप्प होत्या. राहिलेल्या दोनशे डॉलरविषयी मनात थोडी रुखरुख आहे, असे तिने लिहिले. ती रुखरुख असणे मला वावगे वाटत नाही. जिला ती नसती तिला मी हा सल्ला कदाचित दिलाही नसता.

आजोबांना हा निर्णय पटला असता काय, असे मी स्वतःस अनेकदा विचारतो. ते कायद्याच्या सवलतीवर जगणारे नव्हते. पण कोणी सल्ला विचारावयास आले, की किती घेतले हे ते मागाहून विचारीत. कोणाकडून घेतले, हे आधी.