न दिसण्याचा पुरावा

परग्रहवासी आहेत का, हा एक प्रश्न. ते इथे येऊन गेले का, हा दुसरा. उडत्या तबकड्यांच्या चर्चेत पहिल्याच्या पतीवर दुसऱ्याची उधारी सर्रास चालते. विश्व एवढं अफाट, मग आपण एकटेच कसे, असं म्हणत गाडी थेट, तबकडी कोसळल्याचं सांगतात त्या अमेरिकेतल्या रॉझवेलला येऊन थांबते. हा गुंता सोडवायला एक जुनं देशी हत्यार आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तूचं न आढळणं, हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलं. न्यायदर्शनाच्या नैयायिकांना त्याचं स्वतंत्रपण अमान्य. पण वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती हवी, ही अट त्यांनाही हवीच होती. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

पृथ्वीच्या आकाशात आता बऱ्यापैकी उजेड आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटर व्यासाचा अशनी फुटला. कुठल्याही वेधशाळेला त्याची आगाऊ खबर नव्हती. तरी रस्त्यावरच्या गाड्यांमधल्या कॅमेऱ्यांनी तो अनेक कोनांतून टिपला, त्या चित्रणावरून त्याची सूर्याभोवतीची कक्षा काढता आली आणि काही महिन्यांनी चेबारकुल तळ्याच्या तळातून पाचशे किलोंहून जड दगड वर आला. बाहेरून खरोखर काही आलं, की ते असा माग ठेवतं. तबकड्यांचं चित्र मात्र घरोघरी कॅमेरे आले तरी पुसटच. अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुक या तबकड्यांच्या तपासातल्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ उलगडल्या नाहीत, त्यांचं काय? दिसलेल्या दिव्याचं अंतर, उंची, वेग यांतलं काहीच धड नोंदलेलं नसेल, तर तो शुक्र होता हेही सिद्ध करता येत नाही. मग यान होतं हे कसं करणार? सरकारं लपवतात, हा आक्षेप वजनदार, कारण ती खरंच लपवतात. रॉझवेलला १९४७ साली सापडलेले अवशेष सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेण्यासाठी आखलेल्या गुप्त मोहिमेच्या फुग्यांचे होते, हा हवाई दलाचा खुलासा यायला १९९४ उजाडलं. पण चेल्याबिन्स्कच्या गाड्या सरकारी नव्हत्या. उरला शेवटचा बचाव: त्यांचं तंत्रज्ञान एवढं पुढारलेलं की ते दिसतच नाहीत. आपल्या तर्कग्रंथांत अशा जागी पिशाच हजर होतं. स्वभावतःच अदृश्य असलेलं पिशाच खांबापाशी नाही, हे न दिसण्यावरून म्हणता येत नाही. मान्य. मग ते काल रात्री शेतावर दिसलं, हा दावाही त्याबरोबर मागे घ्यावा लागतो.

उजेडाची हीच अट संशयवाद्यांनाही लागू आहे, आणि ते ती सोयीने विसरतात. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी १९६० साली अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीने परग्रहवासीयांच्या संदेशांसाठी कानोसा घेतला तो अवघ्या दोन ताऱ्यांचा. शोध त्यानंतर बराच वाढला. तरी आकाशगंगेत तारे शंभर अब्जांच्या घरात, आणि कोणत्या लहरींवर, केव्हा, कसला संदेश ऐकायचा हे सगळं अंदाजाने धरलेलं. तिथली शांतता म्हणजे अंधारातला घडा. यावर भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींचा १९५० सालचा प्रश्न पुढे केला जातो: सगळे आहेत तरी कुठे? एवढ्या अब्जावधी वर्षांत एखादी तरी संस्कृती सगळीकडे पसरलीच असती, असा त्यामागचा हिशेब. पण ‘पसरलीच असती’ हे कशावरून? आपल्या एकाच जातीच्या, त्यातही गेल्या काही शतकांतल्या, सवयीवरून.