घरातल्या घरात कुलूप

घरच्या माणसांपासून घरची वस्तू राखणे हा अविश्वास आहे का? आम्हा रत्नागिरीकरांची ओटी सदा उघडी; त्यामुळे हा प्रश्न मला जरा बोचतोच. आता घरोघरी दोन-तीन संगणक एकमेकांना जोडलेले असतात आणि फोटो, सातबारा, आंब्याचा हिशेब सारे एकाच सामायिक कप्प्यात असते. त्याला परवलीचा शब्द लावू म्हटले की मुले रुसतात, "आम्ही काय चोर?"

चोर नव्हेच. पण चोर आपल्याच माणसाचे नाव घेऊन येतो. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या 'नॉटपेट्या' नावाच्या संगणकी विषाणूने मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. तो एका संगणकात शिरला की तिथल्याच माणसाचा परवलीचा शब्द उचलून शेजारच्या संगणकात जाई.

लोणच्याच्या बरणीत ओला हात घालू देत नाहीत, म्हणून कुठला नातू आजीच्या मायेवर शंका घेतो? लोणचे सर्वांच्या पानात पडते. बरणीत जाणारा हात मात्र एकच, आणि तोही कोरडा. तसेच सामायिक कप्पा पाहण्याची मुभा सर्वांना असावी. लिहिण्या-पुसण्याची, ज्याचे काम त्यालाच. शिवाय साऱ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, तार काढून ठेवावी. दादरा बांधून फळीवर ठेवलेल्या मोठ्या बरणीसारखी.

मग काही नासलेच, तरी घरात कुणाकडे बोट दाखवावे लागत नाही. आपल्या माणसावर नको तो आळ येऊ नये म्हणून केलेली तजवीज, मला वाटते, हीही मायाच.