हातच्याची वजाबाकी

नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात, तिसरीच्या वर्गात, मी एका मुलाला म्हणाले, "डोकं घरी ठेवून आलास का?" वर्ग हसला. मुलगा मान खाली घालून पाटीकडे बघत राहिला. माझ्या मात्र अंगावर काटा आला, कारण ते वाक्य माझं नव्हतं. सातवीत आम्हाला गणित शिकवणाऱ्या गुरुजींचं होतं ते. शब्द तेच, चढता सूर तोच, वर्ग हसावा म्हणून शेवटी घेतलेला विरामही तोच. त्या वाक्यानंतर मी स्वतः कित्येक दिवस गणिताच्या तासाला हात वर केला नव्हता.

डी.एड.ची दोन वर्षं मी मनापासून केली होती. सराव पाठ घेतले होते, बालमानसशास्त्र वाचलं होतं. पण मुलं गडबड करताहेत, घंटा व्हायला पाच मिनिटं उरली आहेत आणि गणित कुणालाच येत नाही, अशा घडीला त्यातलं काहीच हाताशी आलं नाही. आले ते जुने गुरुजी.

डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली शाळाशिक्षकांवर लिहिलेल्या पुस्तकात याचं कारण सांगितलं आहे. शिक्षक होणारा माणूस या कामाची उमेदवारी लहानपणापासून बाकावर बसून करत असतो. वैद्यकीला जाणाऱ्या मुलाने रोज पाच-सहा तास शस्त्रक्रिया पाहिलेल्या नसतात; शिक्षक होणाऱ्याने मात्र शिकवणं वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. पण बाकावरून दिसतं ते फक्त शिकवण्याचं बाह्यरूप. गुरुजींनी हेच उदाहरण का निवडलं, कुठलं गाळलं, काल काय फसलं म्हणून आज वेगळी सुरुवात केली, हे मुलांना कसं दिसणार? म्हणून नव्या शिक्षकाची पाटी कोरी नसते. आधी लिहिलेलं पुष्कळ असतं, आणि त्यातलं बरंच पुसावं लागतं.

त्या मुलाचं गणित होतं ५२ वजा २७. त्याने उत्तर लिहिलं होतं ३५. दोन दिवस मला ते वाक्य टोचत राहिलं. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याच्याजवळ बसले आणि विचारलं, "कसं केलंस रे?" तो बिचकत म्हणाला, "बाई, मोठ्यातून लहान वजा करायचं. तुम्हीच सांगितलं होतं." सातातून दोन गेले, पाच राहिले. पाचातून दोन गेले, तीन राहिले. त्याच्या हिशेबात कुठेच गफलत नव्हती. मी दिलेला नियम त्याने इमानाने पाळला होता. तो नियम दोन अंकी संख्येला लावताना एककाचा वेगळा आणि दशकाचा वेगळा असा लावायचा नसतो, हे मी सांगितलंच नव्हतं. चूक मी शिकवली होती आणि हसं त्याचं केलं होतं.

मला गणित येत होतं. वजाबाकी मुलाच्या डोक्यात कुठल्या वाटेने शिरते, ते येत नव्हतं. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या दुसऱ्या ज्ञानाला शिक्षकाचं खास ज्ञान म्हटलं: विषय कुठे अडतो, कुठली चूक कशातून उगवते, कुठलं उदाहरण उलगडून दाखवतं आणि कुठलं फसवतं, याची जाण. ही गोष्ट आपल्याकडे फार आधी ओळखली गेली होती. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र'मध्ये गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद लागतो. निवाडा करणारी परिव्राजिका म्हणते की, कुणाची विद्या त्याच्या स्वतःत शोभते, कुणाची ती दुसऱ्याकडे पोचवण्यात. दोन्ही ज्याच्याकडे, तो शिक्षकांत अग्रणी. मग आचार्यांना नाचायला सांगितलं जात नाही. नृत्य होतं ते शिष्येचं.

याच गणदासाचं आणखी एक बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. केवळ पोटासाठी विद्या बाळगणाऱ्याला तो ज्ञानाचा वाणी म्हणतो. हे म्हणणारा स्वतः राजाचं वेतन घेणारा आहे. म्हणजे वेतन आणि निष्ठा यांचं वैर त्याच्या मनात नाही. आपण मात्र ते मानत आलो. 'व्यावसायिक' म्हटलं की आपल्याला दुकान दिसतं, म्हणून शिक्षकापुढे आपण 'पवित्र पेशा' आणि 'वसा' हे शब्द ठेवतो. मी शिक्षणसेविका म्हणून लागले तेव्हा महिन्याला ३००० रुपये मानधन होतं, तीन वर्षं. 'सेवा' या शब्दाच्या आड ते खपून गेलं. पण त्याहून मोठं नुकसान मला वेगळं दिसतं: जो पवित्र ठरला, त्याला आपली फसगत लिहून ठेवावीशी वाटत नाही. व्यवसाय या शब्दाचा जुना अर्थ निश्चय असा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो त्याच अर्थाने येतो. तो अर्थ मला परत हवा आहे.

निश्चय म्हणजे काय, ते मी आमच्या द्विशिक्षकी शाळेतल्या ज्येष्ठ गुरुजींकडे पाहिलं. टाचणवही सगळेच लिहितात, केंद्रप्रमुख आले की सही घेतात. गुरुजी मात्र प्रत्येक पानाची उजवी बाजू कोरी सोडत आणि शाळा सुटल्यावर, पोषण आहाराचा हिशेब संपवून, तिथे दोन-तीन ओळी लिहीत. कोण कुठे अडलं. कुठला प्रश्न वाया गेला. एका पानावर फक्त एवढंच होतं: 'आज मी फार बोललो.' नोकरीची तीस वर्षं झालेला माणूस हे लिहीत होता, आणि ते कुणी तपासणार नव्हतं.

बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे केलं, त्याच्या मुळाशीही मला हेच दिसतं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, गुरं चारायला जातात. तर मुलांना बोल न लावता शाळाच कुरणावर नेली. आपल्या पद्धतीत काय चुकतंय, हे आधी पाहिलं.

पुढे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मुलांच्या मानसिक छळालाही मनाई केली. तेव्हा मला ती पाटीकडे वळलेली मान आठवली. पण कायदा वर्गाच्या दाराशी थांबतो. आत आम्ही एकटे असतो. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतो, वकिलासमोर दुसरा वकील उभा असतो. आमचं काम पाहणारी मोठी माणसं वर्षातून एक-दोनदा येतात, आणि त्या दिवशी आम्ही आमचा हातखंडा पाठ घेतो.

यंदा जूनमध्ये आमच्या शाळेत नव्या बाई आल्या. मी त्यांना एवढंच म्हटलं, की माझ्या वर्गाचं दार उघडं असतं, केव्हाही येऊन बसा. त्या दोनदा येऊन बसल्या. मग एका शनिवारी म्हणाल्या, "ताई, आज तुम्ही माझ्याकडे याल?" मी मागे बसकरावर बसले. शेजारची मुलगी ६३ वजा २८ करत होती. तिने लिहिलं ४५. मी गप्प राहिले. बाई वह्या बघत बघत आल्या, वाकल्या. त्यांची लाल पेनाची मूठ वहीवर आली आणि थांबली. मग त्या खाली मांडी घालून बसल्या. "कसं केलंस, मला सांगशील?"

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. बाई उठल्या नाहीत.