ताटीबाहेर उभं राहणारं कोणीतरी



आज वाचनात मुक्ताईचे ताटीचे अभंग आले. खरं सांगायचं तर मी हे अभंग बरीच वर्षं टाळत होतो. चाल सुंदर आहे, कीर्तनात ऐकले की डोळे भरतात, पण एकटा वाचायला बसलो की मला राग यायचा. का यायचा, ते आज लिहितो.

प्रसंग तुम्हाला माहीत आहे. परंपरा सांगते की ज्ञानोबा माधुकरीला निघाले होते, वाटेत कुणीतरी त्यांना संन्याशाचं पोर म्हणून घालून पाडून बोललं. ते परत आले, झोपडीत गेले आणि ताटी लावून घेतली. ताटी म्हणजे झोपडीचं तट्ट्याचं दार. मुक्ताई बाहेर उभी राहिली आणि दादाची समजूत काढू लागली. त्या समजुतीचे हे अभंग.

आपण हा प्रसंग "ज्ञानेश्वर रुसले आणि छोट्या मुक्ताईने समजावलं" इतका गोड करून टाकलाय. पण जरा मागे जाऊन बघा. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेनं परत संसारात आले, म्हणून सगळं घर वाळीत. मुलांची मुंज होईना. धर्मपीठानं देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि आईवडिलांनी जीव दिला, मुलांना तरी समाज जवळ करेल या आशेनं. समाजानं केलं नाही. चार पोरकी मुलं शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत चालत गेली. त्यानंतर एखाद्या दिवशी रस्त्यात कुणी तोच शब्द उच्चारतो. तो शब्द काही नवा नव्हता. ज्या शब्दानं आईवडील गेले, तोच तो शब्द होता. ताटी लागली ती एका अपमानानं नाही, त्यामागच्या सगळ्या वर्षांनी.

आज मानसशास्त्र याला आघात म्हणतं. म्हणजे मोठं दुःख झालं एवढंच नाही. दुःख होऊन गेलं तरी शरीराला ते अजून चालूच आहे असं वाटत राहणं. एखादा आवाज, एखादा वास, एखादा शब्द पुरतो. मेंदूतली धोक्याची घंटा वाजते, छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आणि "अरे, हे वीस वर्षांपूर्वीचं आहे" हे सांगणारा मेंदूचा भाग मागे पडतो. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी याला आजारांच्या यादीत अधिकृत नाव दिलं, तेव्हा डोळ्यांसमोर प्रामुख्याने व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक होते. घरातल्या घरात घाबरून वाढलेल्या मुलांचं दुःखही त्याच जातीचं असू शकतं, हे नीट लक्षात यायला आणखी वेळ लागला.

माझा आवाज आहे स्कूटर स्टँडला लावल्याचा. खट्क. संध्याकाळी तो आवाज आला की मी आणि माझी बहीण आवाजावरून ओळखायचो, आज बाबांचा दिवस कसा गेलाय. स्टँड जोरात लागला की पट्टा निघणार. कारण काहीही चालायचं. गणितातले मार्क, दारातल्या चपला, पाण्याचा तांब्या भरलेला नसणं. आणि मग साडेसात वाजता सगळ्यांनी मिळून हरिपाठ. हुंदके आवरत टाळ धरायचा. बाबा डोळे मिटून इतकं आर्त म्हणायचे की शेजारचे काका यायचे ऐकायला. बाबांची वारी एकदाही चुकली नाही, आजही चुकत नाही. ते ढोंग करत होते असं मला कधीच वाटलं नाही, आणि हेच सगळ्यात अवघड आहे. ढोंगी असते तर सोपं गेलं असतं.

मोठा झालो, इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, सगळं मागे पडलं असं समजत होतो. मग एका रात्री प्रॉडक्शन बंद पडलं. चूक माझी नव्हती, पण कॉलवर एक वरिष्ठ आवाज चढवून बोलले. माझं नावही घेतलं नव्हतं. मी लॅपटॉप उघडा टाकून ऑफिसच्या टॉयलेटमध्ये गेलो, कडी लावली आणि मोबाईलमधला जपाचा काउंटर उघडून नाम घेत बसलो. चाळीस मिनिटं. शेवटी साफसफाईचे काका दार वाजवून म्हणाले, "साहेब, बरं वाटत नाही का? पाणी आणू का?" मला उत्तर देता येईना. ते गेले नाहीत. बाहेर बादली सरकवल्याचा आवाज येत राहिला.

सत्संगातल्या लोकांना सांगितलं. प्रेमानंच सल्ले मिळाले. नाम वाढव. प्रारब्ध आहे, भोगूनच संपतं. आईवडिलांबद्दल मनात असं आणणं हेच पाप. मी नाम वाढवलं. काउंटरचे आकडे चढत गेले, झोप उतरत गेली. बायको एकदा म्हणाली, "तू जपाला बसतोस तेव्हा घरात नसतोसच." मी तिला म्हटलं, तेच तर अपेक्षित आहे! किती मूर्ख उत्तर होतं, हे आज कळतं.

तिनंच अपॉइंटमेंट घेतली. जाताना भीती एकच होती की या मॅडम माझ्या माळेला हसतील, किंवा सगळा दोष देवधर्मावर टाकतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. तिसऱ्या की चौथ्या भेटीत त्यांनी विचारलं, "जप करताना शरीरात काय जाणवतं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे शांत, की बधिर?"

मी किती वेळ गप्प होतो माहीत नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही. बधिर. मी नामाची ताटी केली होती. विठ्ठलाला आत घ्यायला नाही, त्या स्कूटरचा आवाज बाहेर ठेवायला. आणि गंमत अशी की त्यामुळे दोघंही बाहेर राहिले होते.

नाम खोटं, असं मी म्हणत नाहीये. भूल देऊन दात दुखायचा थांबतो. म्हणून कुणी रोज भूल घेत बसत नाही, दात दाखवतोच. नाम भूल नव्हे, पण मी ते तसं वापरत होतो.

आता मुक्ताईकडे परत येतो, म्हणजे माझ्या रागाकडे. ती दादाला समजावताना म्हणते की जगाचा राग आग होऊन आला तरी संतानं पाणी व्हावं. आपल्याच दातांनी आपली जीभ चावली, म्हणून कुणी दात पाडत नाही. ज्याच्या अंगावर पट्ट्याचे वळ उठलेत त्याला हे वाचून काय वाटेल? मला वाटायचं, ही सांगतेय की मार खा आणि गप्प बस. आणि कीर्तनातही बहुतेक वेळा हाच अर्थ सांगितला जातो, विशेषतः सुनांना आणि लेकरांना. हे मला आजही चुकीचं वाटतं, आणि स्पष्टच म्हणतो.

पण हे बोलतंय कोण? ज्यांनी वाळीत टाकलं त्यांच्यापैकी कुणी नाही. बोलतेय तीच मुलगी जिचेही आईवडील गेलेत, जिलाही तोच शब्द ऐकावा लागलाय. चौघांत सगळ्यात धाकटी. तिला हे म्हणायचा अधिकार आहे, कारण त्या आगीत तीही भाजलीय. हेच वाक्य पट्टा हातात असलेला माणूस म्हणाला तर तो उपदेश राहत नाही. शब्द तेच, पण तोंड बदललं की अर्थ फिरतो.

दुसरी गोष्ट मला थेरपी सुरू झाल्यावरच दिसली. तट्ट्याचं दार ते. एक लाथ मारली तरी पडेल. मुक्ताई ते ढकलत नाही. अभंगामागून अभंग म्हणते आणि दर वेळी फिरून तीच विनवणी करते की दादा, दार उघडा. उघडायचं त्यांनीच. ती निघून जात नाही आणि आतही घुसत नाही. योगी, ज्ञानी, ज्यांनी गीतेवर भाष्य केलं ते ज्ञानदेव. त्यांनाही आतून एकट्यानं हे जमलं नाही, बाहेर कोणीतरी लागलं. आपण मात्र म्हणतो, "माझी श्रद्धा असेल तर मला डॉक्टर कशाला?"

मॅडमनी पहिले कित्येक महिने पट्ट्याचा विषय काढलाच नाही. मी इंजिनिअर माणूस, विचारत होतो की साधारण किती सेशन लागतील, अंदाज द्या. त्या हसायच्या. आधी फक्त एवढंच शिकलो की घंटा वाजली की पाय जमिनीला टेकलेत ते जाणवून घ्यायचं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, श्वास लांब सोडायचा. ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ च्या पुस्तकात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडलेत: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग माणसांत परतणं. हा क्रम कळल्यावर माझी घाई कमी झाली. पहिल्याच भेटीत सगळं ओकायला लावणं म्हणजे ताटीवर लाथ.

शोकाचा टप्पा वाईट गेला. चौतीस वर्षांचा माणूस सोफ्यावर बसून अकरा वर्षांच्या मुलासाठी रडतोय, लाज वाटायची. तेव्हा नामदेवरायांचं समाधिवर्णन आठवायचं. ज्ञानोबांच्या समाधीच्या वेळी निवृत्तिनाथ, साक्षात गुरू, किती व्याकुळ झाले ते नामदेवांनी लपवलेलं नाही. तुकोबांनी दुष्काळात बायको आणि मूल गमावलं, ते दुःख त्यांच्या अभंगांत आहे. आपल्या संतांनी रडणं कमीपणाचं मानलं नाही. ते कमीपणाचं आपण ठरवलं, बहुधा शाळेत.

तुमच्यापैकी कुणी अशा उंबरठ्यावर असेल तर कामाचं थोडंसं. औषधांची गरज आहे का, ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतात. बोलून उपचार करतात ते मानसोपचारतज्ज्ञ. त्यांना नोंदणी आणि आघातावरच्या उपचारांचं प्रशिक्षण आहे का, हे बेधडक विचारा. चांगली व्यक्ती या प्रश्नानं दुखावत नाही. पहिल्या व्यक्तीशी नाही जमलं तर दुसरी बघा, त्यात श्रद्धेचा काही संबंध नाही. तुम्ही सांगितलेलं गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलाय. ठाण्याची आयपीएच ही डॉ. आनंद नाडकर्णींची संस्था १९९० पासून मराठीतून हे काम करतेय. आणि १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. जगणं नको असं मनात येत असेल तर हे वाचून पूर्ण करू नका, आधी तो फोन लावा.

जप आता कमी झालाय, काउंटर काढून टाकला. एखादी माळ होते, पण त्यात मी असतो. कधी मध्येच स्कूटर येते. तिला येऊ देतो, पाय जमिनीला टेकवतो, पुन्हा नाम घेतो. बाबांना माफ केलं का? नाही अजून. मॅडमनीही तसा आग्रह धरलेला नाही.

गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला. बहिणीकडून कळलं असावं. "कुठल्या डॉक्टरकडे जातोस म्हणे?" मी हो म्हटलं. बराच वेळ काही नाही. मग, "किती घेतात?" मी आकडा सांगितला. "बापरे," म्हणाले. परत शांतता. मला वाटलं ठेवतील.

"झोप लागते का आता?"

"लागते."

"बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

रामकृष्णहरी.