कोठारातलं गाणं

चि. सोनूस,



तुझं पत्र मिळालं. ‘आठवड्याला एक गाणं टाकलं नाही तर लोक विसरतात, मावशी,’ हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. खाली विचारलंस, ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेतलं ते ‘रनिंग अप दॅट हिल’ तू कधी ऐकलं आहेस का? ऐकलंय, बाळा. वसतिगृहात असताना मैत्रिणीच्या भावाने परदेशातून आणलेली कॅसेट होती, आम्ही ती झिजेपर्यंत वाजवली. म्हणून आज ते गाणं जिचं, त्या केट बुशबद्दलच लिहिते.

तिचा जन्म १९५८चा, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला. वडील डॉक्टर, आई आयरिश, दोन थोरले भाऊ, सगळं घर गाण्यावाजवण्यातलं. पोरवयातच ती पियानोवर स्वतःच्या चाली बांधू लागली. तिची ती घरगुती रेकॉर्डिंग पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरच्या कानी पडली. त्याने स्वतःच्या खर्चाने तिची गाणी चांगल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून घेतली आणि त्यातून ईएमआय कंपनीने तिच्याशी करार केला. पण लगेच रेकॉर्ड काढली नाही. पोर लहान आहे, जरा पिकू दे, असा विचार झाला. मधल्या काळात ती लिंडसे केंपकडे नृत्य आणि मूकाभिनय शिकली, लंडनच्या पबमध्ये गायली, आणि घरी रात्र रात्र लिहीत राहिली. त्या बिनरेकॉर्डच्या दोन वर्षांकडे तू नीट बघावंस असं मला वाटतं.

एमिली ब्राँटेच्या कादंबरीवरचं ‘वदरिंग हाइट्स’ तिने अठराव्या वर्षी एका रात्रीत लिहिलं. पहिलं गाणं म्हणून कंपनीला दुसरंच हवं होतं, ही मात्र हटून बसली. १९७८च्या मार्चमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि चार आठवडे तिथेच राहिलं. स्वतः लिहिलेलं गाणं स्वतः गाऊन तिथे पोचलेली ती पहिली ब्रिटिश बाई. वय एकोणीस.

पुढच्याच वर्षी तिने दौरा केला. गाताना नाचायचं तर हात मोकळे हवेत, म्हणून तारेच्या हँगरमधून डोक्यावर बसणारा माइक करून घेतला. त्या दौऱ्याच्या सुरुवातीलाच तिच्या चमूतला प्रकाशयोजनेचा एक तरुण अपघातात गेला. दौरा संपला, आणि पुढची पस्तीस वर्षं ती पुन्हा दौऱ्यावर गेली नाही.

आता मुद्द्याचं. १९८२ साली ‘द ड्रीमिंग’ हा अल्बम तिने सर्वस्वी स्वतः निर्मिला. आधीच्या मानाने तो कमी खपला. स्टुडिओचं भाडं तासावर चढत होतं, मागे घड्याळ लागलेलं. तेव्हा तिने काय केलं असेल? ती आईवडिलांच्या शेतावर परतली आणि तिथल्या धान्याच्या जुन्या कोठारात स्वतःचा स्टुडिओ उभारला. फेअरलाइट नावाचं यंत्र तिच्याकडे होतं. त्यात कुठलाही आवाज पकडून तो पट्ट्यांवर वाजवता येतो, काच फुटल्याचासुद्धा. त्यावर तिला हवे तेवढे दिवस एकेक सूर खरवडत बसता येऊ लागलं. त्या कोठारातून १९८५ साली ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ बाहेर आला आणि मडोनाच्या ‘लाइक अ व्हर्जिन’ला खाली ढकलून पहिल्या जागी बसला. तुझं ते गाणं त्यातलंच. बाई आणि पुरुष देवाशी सौदा करून जागा बदलतील आणि एकमेकांचं दुःख उमगेल, असा त्याचा आशय. तिने त्याला ‘अ डील विथ गॉड’ असंच नाव दिलं होतं, पण देवाच्या नावामुळे काही देशांत वाजणार नाही, अशी भीती घालण्यात आली. तिने नाव बदललं. मला ते अजून खटकतं, पण मागचा अल्बम चालला नव्हता, आणि गाणं पोचणं तिला नावापेक्षा मोलाचं वाटलं असावं.

१९९३ नंतर ती बारा वर्षं गप्प होती. आई गेली होती, पुढे मुलगा झाला, त्याला तिने वाढवलं. २००५मध्ये ‘एरियल’ आला. २०१४ साली लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये, जिथे १९७९चा दौरा संपला होता तिथेच, तिने बावीस प्रयोग केले. तिकिटं पंधरा मिनिटांत संपली. फोन बाहेर काढू नका, असं तिने प्रेक्षकांना आधीच विनवलं होतं.

आणि २०२२मध्ये, निघाल्यापासून सदतीस वर्षांनी, तुमच्या मालिकेमुळे ते गाणं ब्रिटनमध्ये पहिलं आलं. तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची. तुझ्या वयाच्या मुली ते गात होत्या.

आता एक काम कर. ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ची दुसरी बाजू, ‘द नाइन्थ वेव्ह’, दिवा मालवून एका बैठकीत ऐक. रात्री समुद्रात एकटीच तरंगणाऱ्या बाईची ती गोष्ट आहे. मध्ये थांबवलीस तर हातून निसटेल. आणि तुझ्या पत्रातली ती अंतऱ्यापाशी अडलेली चाल सध्या कुठेच टाकू नकोस. दिवाळीला येशील तेव्हा पेटी काढून ठेवते. अडलेली असली तरी तशीच ऐकव.

तुझी,
मावशी