ओहोटीची वेळ बघून जा

चि. सोनू हिस,



माहीमच्या चौपाटीवर रविवारी सकाळी कचरा उचलणाऱ्यांत जावं का, असं तू विचारलंस. पुढच्या भरतीला तेवढाच कचरा परत येणार असेल तर उपयोग काय, हेही विचारलंस. जा. आणि हा प्रश्न बरोबर घेऊन जा, कारण त्याचं उत्तर तिथल्या वाळूतच आहे.

मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. पवई-विहारच्या बाजूने निघून कुर्ला, धारावी करत ती वाटेतल्या नाल्यांतलं सगळं घेऊन समुद्रात येते आणि भरती त्यातलं बरंचसं किनाऱ्यावर आणून टाकते. तुझ्या हाताला लागलेली पिशवी चौपाटीवर फिरायला आलेल्या माणसाचीच असेल असं नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच की दर वेळी नवा किनारा शोधू नकोस. वाळूचा एक छोटा पट्टा आपला मान आणि पुन्हा पुन्हा तिथेच जा. तेव्हा कळायला लागतं की कचरा म्हणजे नुसता ढीग नाही, त्यात ठरावीक वस्तू येत राहतात. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा बघ. नखाएवढा तुकडा, पण वाळूत सापडतो आणि चटकन कुणी उचलत नाही. पिशवी भंगारात जाते, कोपरा गटारात जातो. कोपरा पुरता न कापता नुसती चीर दिली तर तो पिशवीलाच राहतो. हे तुझ्या बिल्डिंगमध्ये चार घरांनी केलं, तर तेही चौपाटीचंच काम झालं.

वर्सोव्याच्या चौपाटीच्या सफाईचं तू ऐकलं असशील. ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शाह हे वकील आणि त्यांचे चौऱ्याऐंशी वर्षांचे शेजारी हरबंश माथूर, अशा दोघांनीच सुरुवात केली. लोक जोडले गेले. पण मला मोठं वाटतं ते पुढचं: वाळूवर लोक शौचाला का बसतात हे पाहून त्यांनी वस्तीतली सार्वजनिक शौचालयं धुतली. किनाऱ्यावरून मागे वस्तीपर्यंत जाणं, खरं काम ते. मार्च 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली.

आता कामाचं. वेळ ओहोटीची निवड. आदल्या रात्री बघून ठेव. बंद बूट घाल, चप्पल नको. हातमोजे जाड रबरी असू देत. थर्माकोल आधी उचल, तो हाताखाली दाणेदाणे होऊन वाऱ्यावर जातो. वाळूत गाडलेली पिशवी ओढू नकोस, फाटून अर्धी आतच राहते. आधी भोवतालची वाळू उकर. जाळ्यांचे तुकडे कात्रीने कापून घे. सुई, काचेची बाटली किंवा औषधाची कुपी दिसली तर हात न लावता जाणत्या माणसाला बोलाव. शंख-शिंपले आणि समुद्राचं गवत तिथेच राहू दे, तो कचरा नाही. आणि गोण्या नेणारी गाडी येणार आहे का, हे निघण्यापूर्वी विचार. ढीग करून माणसं घरी गेली आणि गाडी आलीच नाही, तर भरती तो ढीग पुन्हा पसरते.

पालिकेचे सफाई कामगार तिथे रोज असतात. त्यांची नावं विचार, आणि काय कुठे साचतं हे त्यांच्याकडूनच समजून घे. तू आठवड्यातून एकदा जे करणार, ते त्यांचं रोजचं आहे. म्हणून फोटो काढायचाच असेल तर त्यांना विचारून, त्यांना बरोबर घेऊन काढ.

दादर-माहीमला तू ज्या सेनापती बापट मार्गाने जातेस, त्याला ज्यांचं नाव आहे ते बापट मुळशी सत्याग्रहामुळे सगळ्यांना ठाऊक आहेत. पण पारनेरला असताना ते हातात झाडू घेऊन गावाचे रस्ते झाडत आणि संडासही साफ करत, जातीमुळे ज्यांच्या वाट्याला ते काम टाकलं होतं त्यांच्याकडे न ढकलता. हे मला त्यांच्या शौर्याइतकंच थोर वाटतं. तुझ्या बाबांना मुलीने कचऱ्यात हात घालणं पटत नसेल, तर त्यांना हे सांग. ऐकतील.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मात्र रजाच टाक. त्या सकाळी प्लास्टरच्या न विरघळलेल्या मूर्तींचे अवशेष किनाऱ्याला लागलेले असतात. ते दोन्ही हातांनी उचल, फेकू नकोस. कुणाच्या तरी घरी काल त्यांची आरती झाली आहे. निर्माल्य वेगळं गोळा कर, हारातला दोरा आणि प्लास्टिक काढून; त्याचं खत होतं. त्या दिवशी मी पुण्याहून येईन. माझ्या मापाचे हातमोजे घेऊन ठेव.

तुझी,
आत्या